घरगुती कारण

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. लग्नपत्रिकांवरची नावं, ग्रामपंचायतीचे अर्ज, सगळं माझ्याकडे यायचं. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पण अक्षर तेवढं राहिलं. कंपनीतही तेच. टाकव्याहून बस आंबीला कंपनीकडे निघाली की मागच्या सीटवरून कुणीतरी हाक मारायचं, "भाऊसाहेब, कागद लिवायचाय." तलाठ्याला म्हणतात तसं मला भाऊसाहेब म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण मी फुशारून जायचो.

तो कागद कसला, ते सांगतो. आमची कंपनी गाड्यांच्या दरवाजांना बसवायच्या रबरी पट्ट्या बनवते. पट्टी साच्यातून निघाली की कडेला जास्तीचं रबर लोंबतं. ते ब्लेडनं कापायचं, पट्टी तपासायची आणि पुढे द्यायची. हे काम मी अकरा वर्षं केलं, पण अकरा वर्षांत एक दिवसही मी कंपनीचा कामगार नव्हतो. मी ठेकेदाराचा माणूस. सात महिने भरत आले की ब्रेक. म्हणजे आपण आपल्या हातानं लिहून द्यायचं, मी घरगुती कारणास्तव काम सोडत आहे, माझा सगळा हिशोब मिळाला, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मग तीन-चार आठवडे घरी. मग ठेकेदाराचा माणूस फोन करायचा, "सोमवारपासून या." नवा गेटपास, पुन्हा सात महिने. सलग राहिलो तर उद्या कायम करा म्हणू, म्हणून ही सगळी तजवीज. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

खरं सांगायचं तर आम्हा शेतवाल्यांना ब्रेक गोडच लागायचा. आषाढात भाताची आवणी, म्हणजे लावणी, असते, तेव्हा घरात माणूस लागतं. ठेकेदाराचा माणूस महिना-दोन महिने मागेपुढे करून आमचा ब्रेक आवणीवर आणून द्यायचा. हे त्याचे उपकारच, असं आम्हाला वाटायचं. दिवाळीनंतर नवा इंद्रायणी निघाला की त्याच्या घरी मी स्वतः पाच किलो तांदूळ पोचवून यायचो. त्याची बायको दारातच पिशवी घ्यायची आणि म्हणायची, वास काय सुटलाय.

आमच्यात एकच जण उलटा होता. माझ्या शेजारच्या टेबलावरचा जोडीदार, आमच्याच गावच्या बौद्धवाडीतला. त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. तो म्हणायचा, "तुमाला आवणी हाय म्हणून ब्रेक म्हंजी सुट्टी वाटती. मला शेत न्हाई. म्या महिनाभर काय खायाचं?" सही करायचा, पण कारणाची जागा कोरी सोडायचा. "कारण त्यांचं हाय, त्यांनी लिवावं." मी हसायचो. "घाल की दोन शब्द. कागद काय चावतो का?" हे माझे शब्द आहेत, मी विसरलेलो नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यातच काम उतरायला लागलं. आधी ओव्हरटाइम गेला, मग शनिवार गेला, मग चहाबरोबरचं बिस्कीट गेलं. बाहेरच्या देशातल्या ऑर्डरी थांबल्या, असं म्हणायचे. जेठ सरता सरता ठेकेदाराचा माणूस लाइनवर आला आणि म्हणाला, "ह्या टायमाला सगळे एकदम ब्रेक घ्या. आवणीबी उरकंल." मला आनंद झाला. दरवर्षी एकमेकांच्या तारखा सांभाळाव्या लागत, ती कटकट मिटली. जेवणाच्या सुट्टीत बसून मी आख्ख्या लाइनचे कागद लिहिले, एकेक ओळ सरळ, खाडाखोड नाही. माझ्या जोडीदारानं मात्र या वेळी सहीच केली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सगळ्यांस्नी एकदम कवा ब्रेक देत्यात का? इचार कर." मी म्हणालो, तुला सगळीकडं काळंच दिसतं.

आवणी झाली, आणि त्या वर्षी ती फार चांगली झाली. नागपंचमी झाली, फोन आला नाही. मी केला तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "ऑर्डर न्हाई भाऊ, जरा दम धरा." पुढे पुढे तो उचलेनासा झाला.

घरात तेव्हा एकच गोष्ट अशी होती की जी थांबून चालणार नव्हती. मोठी मुलगी तळेगावला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. दिवाळीनंतर तिचं दुसरं वर्ष सुरू होणार होतं आणि त्याआधी फी भरायची होती. आमच्या घरात नोकरीचं शिक्षण घेणारी ती पहिली. पांढरा ड्रेस ती स्वतः धुवायची, आईला हात लावू द्यायची नाही. मी ठरवलं, बाकी सगळं तोडू, पण तिची फी तोडायची नाही.

आणि आम्ही तोडत गेलो. गॅस फक्त सकाळच्या चहाला, बाकी चूल. रविवारचं मटण गेलं, मग अंडी गेली. तूरडाळ जाऊन मसूर आली, तीही पातळ. बायको लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरायला जायला लागली, किलोमागे मजुरी. पण तिथंही तेच. फिरायला येणारी माणसं आधी भेट द्यायला डबे न्यायची, आता चव घेऊन पावकिलोवर निघायची. दुपारीच मालक बायकांना म्हणायचा, जा घरी, माल पडून आहे. ती पदरात चिक्कीचा चुरा बांधून आणायची. धाकटा खूश व्हायचा. मी माझा वाटाही त्यालाच द्यायचो.

मी शनिवार-रविवार भुशीला कणसं भाजायला बसलो. धरणाच्या वाटेवर एक पाटी, कोळसा, लिंबू, तिखट. पाऊस आला की कोळसा विझायचा, गर्दी जास्त झाली की पोलीस वाट बंद करायचे. तिथंच एका रविवारी आमचा सुपरवायझर बायकापोरांना घेऊन आला. मला ओळखून ओशाळला आणि दोनाऐवजी चार कणसं घेतली. मी विचारलं, साहेब, लाइन कधी चालू होणार? तो कणसाकडं बघत म्हणाला, "लाइन चालू आहे. महिना झाला. नवीन ट्रेनी घेतलेत, मुलीच जास्त. निम्म्या पगारात येतात." जाताना सुटे पैसे घेतले नाहीत. मी ते परत द्यायला हाक मारायला हवी होती. मारली नाही, ठेवून घेतले.

म्हणजे फोन येणारच नव्हता. गावात येऊन मी सगळ्यांना सांगितलं आणि आम्ही सगळे कामगार कार्यालयात गेलो. जोडीदार आधीच जाऊन आला होता. त्यानं सही केलेली नव्हती, त्यामुळे त्याला काढलं असं धरलं गेलं आणि ठेकेदाराला त्याला काही रक्कम द्यावी लागली. आमची पाळी आली तेव्हा साहेबांनी आमचे कागद टेबलावर पसरले. "काम तुम्ही सोडलंय. घरगुती कारणानं. हे काय, लिहून दिलंय." मग एक एक कागद उचलून बघितला आणि चष्म्यावरून विचारलं, "हे सगळं एकाच माणसाचं अक्षर दिसतंय. कोण लिहिणारा?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी आख्ख्या लाइनला करून दिलं. परत येताना जीपमध्ये एकानं एवढंच म्हटलं, "भाऊसाहेब, लय झ्याक लिवलंत." त्यानंतर गावात मला कुणी भाऊसाहेब म्हटलं नाही. कुणी शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. लोकांनी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायला सुरुवात केली, बस.

कापणीनंतर आम्ही इंद्रायणी सगळा विकला. आमच्याकडे घरचा तांदूळ विकला तरी वर्षाचं खाण्यापुरतं आणि पाव्हण्यापुरतं ठेवतात. त्या वर्षी कणगी झाडून दिली आणि रेशनचा भात खाल्ला. तरी फी भरता आली नाही, कारण मधल्या काळातलं किराणावाल्याचं, दवाखान्याचं त्यातूनच गेलं. ठेकेदाराच्या माणसाचे पाच किलो त्या वर्षी वाचले, तेवढाच फायदा.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मुलीनं पांढरा ड्रेस धुतला, इस्त्री केला आणि घडी करून ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवला. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "पप्पा, मी कंपनीत जाते. तुमच्याच लाइनला मुली घेतायत. पैसे साठले की पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षाला बसेन. कॉलेजात विचारलंय मी, वर्षभर थांबतील."

बायको चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आडवा तिला. तुमी बाप हायसा न्हवं?"

मी अडवलं नाही. आतून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची लाज मला आजही वाटते.

आता ती जाणारच, तर हात कापून घेऊ नये म्हणून मी तिला काम शिकवलं. सायकलची जुनी ट्यूब आणली, ओट्यावर ठेवली, ब्लेड दिलं. अंगठा पात्याच्या मागे ठेव. कड ओढू नको, पातं ओढ. तिसऱ्या दिवशी तिचं काम माझ्याहून साफ होतं. कॉलेजात इंजेक्शन द्यायला शिकलेला हात, स्थिर होता. मी म्हणालो, छान. दुसरं काय म्हणणार?

ती माझ्याच टेबलावर लागली, माझ्या निम्म्या पगारात. पहिल्या पगारातून तिनं बाजूला काढले, दुसऱ्यातूनही. तिसऱ्या महिन्यात बायकोचं चिक्कीचं काम पूर्ण थांबलं आणि बाजूला काढलेलं घरात आलं. पुढे तिनं बाजूला काढणं सोडून दिलं. कॉलेजचं नावही तिनं काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

जेठाच्या शेवटी एका संध्याकाळी ती बसमधून उतरली ती हातात चार कागद घेऊन. छापील नमुना, मध्ये मोकळ्या जागा. "पप्पा, ठेकेदाराचे काका आले होते. सगळ्यांनी एकदम ब्रेक घ्या म्हणाले. मुलींना लिहिता येत नाही नीट. मी म्हटलं, आमच्या पप्पांचं अक्षर चांगलं आहे."

मी कागद हातात घेतले नाहीत. म्हणालो, "सही करू नको. माझ्या जोडीदारानं केली नव्हती, त्याला पैसे मिळाले."

"तुमच्या जोडीदाराला परत कामावर घेतलं का?"

घेतलं नव्हतं. त्या पैशात त्यानं जुनी रिक्षा घेतली आणि कामशेतला स्टँडवर उभा असतो. बहुतेक वेळ उभाच असतो.

"मग?" ती म्हणाली. "सही नाही केली तर उद्या गेटवर पास काढून घेतील. केली तर निदान फोन येईल, असं तर राहील."

मला तिला सांगायचं होतं की फोन येत नाही. पण ते तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, फोनकडं बघत बसलेला मी तिनं दिवाळीपर्यंत रोज पाहिला होता. बायको चुलीत लाकूड सारत राहिली.

मुलगी भिंतीला टेकून बसली, मांडीवर पाट घेतला आणि स्वतःच लिहायला लागली. तिचं अक्षर हुबेहूब माझं आहे. ती पहिलीत असताना मीच रोज हात धरून पाटीवर गिरवून घेतलं होतं. नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख लिहिली. खाडाखोड नाही. मग कारणाच्या जागेशी पेन थांबलं.

"पप्पा," तिनं मान वर न करता विचारलं, "इथं काय लिहितात?"

मी सांगितलं.