सूर्याची एकोणीस भावंडं

कॉफी आधी खाली ठेवा. परवा हा किस्सा सांगताना एकाला असा ठसका लागला की शर्ट त्याचा खराब झाला आणि बोलणी मी खाल्ली.

आता काय सांगू तुम्हाला, चुका कुणाच्या हातून होत नाहीत? कुणी आमटीत दोनदा मीठ घालतं, कुणी दुसऱ्याच्या स्कूटरला आपली किल्ली लावून दहा मिनिटं खटपट करतं. मी काय केलं ते क्रमाने सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वेडी आहे. तसं ते शेवटीही वाटेलच.

मी बंगळुरूतल्या एका संस्थेत ताऱ्यांवर काम करते. लोकांना वाटतं, बिचारी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. छे हो! दहा ते सहा कॉम्प्युटरसमोर, मध्ये कँटीनचं चित्रान्न, आपला लिंबूभात हो. दुर्बीण आहे लांब डोंगरावर. तिथून ताऱ्यांचे वर्णपट येतात, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत पसरवून त्यातल्या काळ्या रेघा टिपलेल्या. त्या रेघांवरून मी तीन गोष्टी काढते: ताऱ्याचं तापमान, त्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व आणि त्याच्यातलं धातूंचं प्रमाण.

आमच्यात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला धातूच म्हणतात. अगदी ऑक्सिजनलासुद्धा! हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई म्हणाली, "आणि यासाठी तुला पीएचडी दिली?"

खरी पंचाईत पुढे आहे. एकच तारा तीन सर्वेक्षणांनी मोजला की तीन उत्तरं येतात. घरात तीन थर्मामीटर असले की तापाचं होतं ना, तसंच. मग ज्या मोजक्या ताऱ्यांचं तापमान वेगळ्या वाटेने पक्कं ठाऊक आहे ते आपण मोजून बघायचे, आपलं उत्तर किती चुकतंय ते काढायचं आणि तेवढी दुरुस्ती सगळ्यांना लावायची. हे कॅलिब्रेशन. माझं पोट यावर चालतं.

आणि ते पोटच त्या वेळी धोक्यात होतं. माझी नेमणूक तीन महिन्यांत संपणार होती. दोन वर्षं वाढवून मिळणार की नाही, ते एका भाषणावर ठरायचं होतं. नाही मिळाली तर कुठल्यातरी कंपनीत बसून लोकांनी मोबाइलवर चपलांचे किती फोटो पाहिले ते मोजायचं! आठ वर्षं ताऱ्यांसोबत काढल्यावर चपला? मला झोप लागत नव्हती.

आता आमचे अण्णा. म्हणजे माझे वडील. बनशंकरीला घर, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूत, त्यामुळे मराठीत कन्नड कुठे मिसळतं ते आमचं आम्हालाही कळत नाही. अण्णा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात चेकिंगला होते. मशीनवरून निघालेला प्रत्येक भाग मोजायचा आणि ज्याने मोजायचं ते गेजसुद्धा अधूनमधून एका पक्क्या मापाच्या तुकड्यावर, ‘मास्टर पीस’वर, तपासायचं. निवृत्त झाले तरी घरात दाराची फट दिसली की बोटं आपोआप मापाला जातात.

"पुट्टी, तुझं-माझं काम एकच," ते नेहमी म्हणायचे. पुट्टी म्हणजे चिमुकली. मी चौतीस वर्षांची आहे. "मी पण कॅलिब्रेशनच करत होतो."

मला राग यायचा हो. कुठे बेअरिंगची भोकं आणि कुठे आकाशगंगा!

तर भाषणाला महिना उरला होता आणि हातात सांगण्यासारखं काही नव्हतं. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, परदेशी गेलेल्या. अशात मला जुन्या डिस्कवर एक फोल्डर सापडलं. त्यात एकोणीस वर्णपट. स्वच्छ, सुरेख, आणि कुणी हातही न लावलेले. लोक इतका चांगला माल टाकून कसा देतात? मी ते माझ्या प्रोग्राममध्ये घातले. सोबतच्या तक्त्यात पन्नास रकाने होते, मी कामाचे दहा ठेवले आणि बाकीचे उडवले.

उत्तरं आली आणि मी खुर्चीत सरळ झाले. पहिला तारा: तापमान पाच हजार सातशे सत्तर. गुरुत्व सूर्याइतकं, धातू सूर्याइतके. सूर्याचा जुळा! असे तारे शोधायला लोकांची आयुष्यं जातात. दुसरा पाहिला. तोही तसाच. तिसरा? तोही! एकोणीसच्या एकोणीस, आणि सगळे आकाशाच्या एकाच तुकड्यात, खेटून बसलेले.

तुम्ही असता तर काय केलं असतं? शंका घेतली असती. मी शंका घेतली नाही, मी रडले. कारण सूर्य ज्या ढगात जन्मला त्यात त्याची भावंडंही जन्मली असणार, ती पांगली, आणि खगोलशास्त्रज्ञ त्यांना शोधतायत. मला एकदम एकोणीस सापडली होती!

मॅडमना कळवलं: "फार मोठं काहीतरी सापडलंय." उत्तर आलं: "सगळं दोनदा तपास." मी तापमान दोनदा काय, सात वेळा तपासलं. दर वेळी तेच. माझा आत्मविश्वास गगनाला भिडला.

घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. ते ठरवणं बनशंकरीच्या बस स्टॉपपर्यंत टिकलं.

"सूर्याला भाऊ?" आईने पोळी तव्यावरच सोडली. "किती?"

"एकोणीस."

"अगं बाई! अदितीला तर बाराच आदित्य होते. तू सात वाढवलेस?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्कांना कळलं. तिसऱ्या दिवशी बेळगावच्या मावशीचा फोन आला, त्यातल्या एकाला आमच्या कुळातलं नाव देता येईल का म्हणून. मी नम्रपणे म्हटलं, "बघू या." बघू या! यावरून माझं विमान किती उंच गेलं होतं ते ओळखा.

भाषण दुपारी चारला. मॅडम त्याच सकाळी परतल्या होत्या, डोळे तांबडे. अण्णांना मी हट्टाने बोलावलं. खरं सांगू? मला त्यांना दाखवायचं होतं की आपलं काम एक नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले.

"अण्णा, प्रश्न विचारायचे नाहीत हं."

"सरी, सरी. नाही विचारत."

मी चाळीस मिनिटं बोलले. काय बोलले! शेवटच्या चित्रात एकोणीस ठिपके एकावर एक असे बसले होते की एकच ठिपका दिसत होता. मी त्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हे एक कुटुंब आहे." टाळ्या पडल्या. मॅडमनी मात्र चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

आणि मागून हात वर झाला. इस्त्रीचा शर्ट.

"पुट्टी, स्वल्प थांब. हे मोजलंय किती वाजता?" अण्णांनी मराठीत विचारलं, जणू आम्ही स्वयंपाकघरात बसलोय. "आमच्याकडे मापाच्या कागदावर आधी वेळ लिहायचे. सकाळचं लोखंड आणि दुपारचं तापून फुगलेलं लोखंड एक नसतं."

मॅडमना मराठी येत नाही. "काय विचारतायत ते?"

मी हसून सगळ्यांना इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं, आणि वर अण्णांना समजावलं, "अहो, तारे लाखो वर्षं बदलत नाहीत. वेळेचा काय संबंध?"

"नसेल. पण लिहिलेली असेल ना?"

लिहिलेली होतीच. मी उडवलेल्या चाळीस रकान्यांत. मूळ फाइल पडद्यावर उघडली. एकोणीस ओळी, सगळीकडे तेरा सतरा.

"दुपारी सव्वाला?" अण्णा चकित.

"नाही हो! ही ग्रीनिचची वेळ. आपली वेळ काढायला यात साडेपाच तास मिळवायचे." मी सभागृहाकडे बघून जरा माफीचं हसले. वडील आहेत, चालायचंच.

"मग मिळव की."

मी मिळवले. मोठ्याने, दोन्ही भाषांत. "अठरा सत्तेचाळीस. म्हणजे संध्याकाळचे पावणेसात."

"पावणेसातला तुझी आई दिवा लावते," अण्णा विचारात पडले. "तेव्हा तर आकाश उजेडात असतं. तुला तारे कसे दिसले गं?"

"काय म्हणतायत?" मॅडम.

हे भाषांतर करण्याची गरजच नव्हती, कारण पडद्यावरची वेळ सगळ्यांना वाचता येत होती.

आता तुम्हाला समजावून सांगते. कॅलिब्रेशनसाठी सगळ्यात पक्का तारा कोणता? सूर्य. पण एवढी नाजूक दुर्बीण सूर्याकडे कशी वळवणार? जळून जाईल. म्हणून सूर्य मावळला की उजळ असलेल्या रिकाम्या आकाशाकडे ती वळवायची. तो उजेड सूर्याचाच असतो. एकोणीस प्रकाशतंतूंतून तो एकदम टिपायचा. ते वर्णपट मॅडमनी स्वतः घेऊन, जपून, वेगळे ठेवले होते. दुर्बीण जिथे रोखली होती तिथले बारीकसारीक तारे माझ्या प्रोग्रामने शोधून प्रत्येक वर्णपटाला एकेक चिकटवला होता. आकाशात कुठेही बोट ठेवा, खाली एखादा तारा निघतोच.

म्हणजे मी सूर्य शोधला होता. माणसं रोज सकाळी ज्याला नमस्कार करतात, तो. आठ वर्षं शिकून आणि सरकारच्या खर्चाने.

"अय्यो, मास्टर पीसच मोजलास की!" अण्णा हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. वाईट वाटलं होतं त्यांना.

मला वाटलं, संपलं. चपला. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात मॅडम उठल्या. त्या हसत होत्या! त्या म्हणाल्या, "हिला ठाऊक नव्हतं की हा सूर्य आहे. तरी हिच्या पद्धतीने एकोणीस वेळा सूर्याचंच तापमान दिलं, सूर्याचंच गुरुत्व, सूर्याचेच धातू. मुद्दाम डोळे बांधून परीक्षा घेतली असती तर याहून चांगली झाली नसती. कॅलिब्रेशन पास!"

परतताना बसमध्ये मी अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "अण्णा, आपलं काम एकच आहे." त्यांनी खिडकी जरा लोटली, मला वारा लागत होता म्हणून. किती प्रेम वाटलं मला त्यांचं तेव्हा! आईने मात्र बेळगावला कळवायला साफ नकार दिला. मावशीने नाव ठरवलं होतं म्हणे.

पंधरा दिवसांनी दोन वर्षांच्या नेमणुकीचं पत्र आलं, सोबत मॅडमचा शेरा. मी तो अण्णांना मराठीत वाचून दाखवला: "मोजमाप अत्यंत अचूक. मात्र आपण काय मोजतो आहोत याची हिला कल्पना नसते, त्यामुळे समोर काय ठेवायचं ते दुसऱ्या कुणी पाहावं."

अण्णांचा चेहरा अभिमानाने फुलला. "पुट्टी," ते म्हणाले, "असं आम्ही फक्त चांगल्या मशीनबद्दल लिहायचो."