टाकीच्या तोंडचा बोळा

केसरीनाथ मिस्त्रीला स्वतःची चूक कबूल करताना टेमघरात कुणी पाहिलं नव्हतं. मी त्याचा भिंतीला भिंत लावून शेजारी. माझ्या स्कूटरचा ब्रेक त्याने दुरुस्त करून दिला आणि मी सरळ नारपोलीच्या गटारात गेलो, तरी तो काय म्हणाला? "ब्रेक बरोबर हाय. गटार चुकीच्या जागी हाय." गुडघ्यावरचा तो वण मी अजून मिरवतो.

गाडी तो कानाने तपासायचा. बॉनेटवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि रोगाचं नाव घेतल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. एकदा त्याने नाव घेतलं की गाडीला तोच रोग असणं भाग होतं. त्याची दुसरी खोड आमच्या लूमवाल्या, यंत्रमागांच्या गावाची. घरी बायको गुणाबाई आणि मुलगी चंद्रा लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या, त्यामुळे टाकाऊ सुताला तोटा नव्हता. हात पुसायला सूत, गळती थांबवायला सूत. शेजारच्या अंजूर गावच्या सावळारामच्या पिकअपचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण कुणी पळवलं, तेव्हाही याने सुताचा बोळा करून टाकीच्या तोंडात कोंबला. "झाकनापरास बेस," म्हणाला.

ही पिकअप म्हणजे जुनी पेट्रोल जीप मागून कापून केलेली. सावळाराम तिच्यातून भाजी आणि कापडाचे तागे न्यायचा, चालवायचा त्याचा मुलगा विठू. पुढे पुढे गाडीला काही झालेलं नसतानाही विठू ती दाखवायला येऊ लागला, आणि चंद्रा नेमकी तेव्हाच ओट्यावर कांड्या भरायला बसू लागली. ज्या कानाला इंजिनातली बारीक टिकटिक गल्लीच्या टोकावरून ऐकू यायची, त्या कानाला घरातलं हे काही ऐकू आलं नाही. गुणाबाईने सांगितलं तेव्हा कळलं. मग रीतसर बोलणी होऊन साखरपुड्याचा दिवस ठरला.

त्या दिवशी अंजूरची मंडळी त्याच पिकअपमधून निघाली. फाट्याच्या चढावर गाडी धापा टाकू लागली, कार्बुरेटरमधून फट् फट् आवाज आले आणि इंजिन बंद पडलं. सावळारामची थोरली बहीण आक्का साडीचोळीचं ताट मांडीवर घेऊन पुढे बसली होती. ती खाली उतरली.

"सुपारी फोडाया निघालो नि गाडी अडली. ही सोयरीक न्हाय व्हायाची."

आक्काच्या शब्दापुढे त्या घरात कुणी जात नसे. मंडळी पायी परत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल जुंपून पिकअप ओढत आणली आणि केसरीनाथच्या दारात सोडली. मुलगी नाकारली, पण गाडीसाठी दुसरा मिस्त्री त्यांना सुचला नाही!

चंद्रा आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. केसरीनाथने बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले. "ठिणगीत खोट हाय." पॉइंट घासले, प्लग बदलले. चढावर पुन्हा फट् फट्. मग कॉइलचा नंबर लागला. कॉइल बदलली, तरी तेच. नवा प्लग काढून पाहिला तर त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं. चोक ओढला की मात्र गाडी सुधारायची. म्हणजे इंजिनाला हवा भरपूर मिळत होती, पेट्रोल पोटभर मिळत नव्हतं. शेवटी त्याने डोळे उघडे ठेवून कार्बुरेटर खोलला.

पेट्रोल जायच्या बारीक भोकात काहीतरी अडकलं होतं. तारेने ओढलं तर हिरव्या सुताचा गुंता बाहेर आला. गल्लीत हिरवं सूत फक्त यांच्याच ओट्यावर भरलं जायचं. दर वेळी पेट्रोल भरताना बोळा काढायचा, परत कोंबायचा. धागे टाकीत पडत गेले आणि पेट्रोल गाळायच्या फाटक्या जाळीतून इथवर पोचले.

चंद्रा मागे येऊन उभी होती. तिने तो गुंता उचलून बापाच्या तळहातावर ठेवला. "बाबा, हे आपल्या कांडीचं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

तो गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. नाव राहिलं असतं, सोयरीक गेली असती. तो ओट्यावर टेकला आणि गुंत्यातला एक धागा ओढून कांडीशी लावून पाहिला. मला त्याची दया आली, आणि आली म्हणून स्वतःचाच राग आला.

मग तो उठला. टाकी धुतली, तुपाच्या डब्याचा पत्रा कापून झाकण केलं, धुतलेला सदरा घातला आणि मला सोबत घेऊन त्याच पिकअपने अंजूरला गेला. आक्कापुढे त्याने तो गुंता ठेवला.

"आक्का, गाडी अपशकुनानं न्हाय अडली. माझ्या चुकीनं अडली. ह्यो बोळा मीच कोंबला व्हता. पोरीकडं काय बी दोष न्हाय."

सावळाराम हसला. "मिस्त्री, तुमची नि चूक?"

आक्काच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "बघा रे, पोरीपायी बाप कसा खोटं बोलतोय! एवढा ताठ मानूस, पन सोताच्या नावावर चिखल घेतला."

"खोटं न्हाय आक्का, आईशप्पत!"

"बस, बस. कळलं मला. असल्या बापाची लेक सोडायची न्हाय."

केसरीनाथ माझ्याकडे वळला. "अवो, तुमी तरी सांगा!"

मी सांगितलं. आक्का म्हणाली, "शेजारी बी गुणाचा हाय."

जन्मात एकदा माणूस खरं बोलला, आणि त्या खोट्यावर मुलीचं लग्न ठरलं.

लग्न झोकात झालं. पाठवणीला पिकअप फुलांनी सजली, आणि ती हलल्यावर केसरीनाथला दिसलं की टाकीच्या तोंडात पुन्हा बोळा! पत्र्याचं झाकण वाजतं म्हणून सावळारामने फेकून दिलं होतं आणि मिस्त्रीचीच रीत म्हणून नवं हिरवं सूत कोंबलं होतं, वर हळदकुंकू लावून. केसरीनाथ गाडीमागे धावत सुटला. "बोळा काढा! अरे, बोळा!" बँडच्या दणक्यात कुणाला काय ऐकू येणार? लेकीमागे धावणारा बाप पाहून सगळं वऱ्हाड रडलं. मला खरं कारण माहीत होतं, तरी मीही रडलो.

चंद्रा मागच्या उघड्या हौद्यात, टाकीच्या तोंडाशीच बसली होती. तिला कळलं. ती वाकली, बोळा उपटून रस्त्यावर फेकला आणि आपला हळदीचा तळहात टाकीच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

तेव्हा कुठे केसरीनाथ थांबला. गाडी वळणाआड गेली, आणि तो रस्त्याच्या मधोमध बसून ओक्साबोक्शी रडला. या वेळी कशासाठी, ते लोकांनी बरोबर ओळखलं होतं.