खळ दिलेलं विमान

मार्तंड बारापात्रे माणसं पायांवरून ओळखायचा. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. ज्याला वाटतं त्याने विणकराच्या खड्डामागावर बसून पाहावं. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पायांखाली माग चालवायच्या पावड्या, आणि डोळे बरोबर उंबरठ्याच्या वर. दारातून नजर गेली तर कोंबड्या, कुत्री आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. बापाचा जन्म त्यात गेला, याचाही जात होता.

माझं इतवारीत सुताचं दुकान, म्हणून त्याच्याकडे येणं-जाणं. मी दारात पोचायच्या आत आतून आवाज यायचा, "या वामनराव, चप्पल नवीन दिसते." एकदा मुद्दाम मेहुण्याचे बूट घालून गेलो. आतून आवाज आला, "बूट कोनाचे हायेत थे माहीत नाई, पन उजवा पाय ओढून राहिले, म्हंजे तुमीच."

गल्लीत कोण कोणाच्या घरी आणि कुठल्या वेळी जातं, हे सगळं या माणसाला ठाऊक. आणि सांगणार? अजिबात नाही. मी किती खोदून विचारलं. "पाय दिसतात, तोंड नाई दिसत. मंग नाव कसं घेऊ?" म्हणायचा. असल्या माणसाशी मैत्री करणं म्हणजे कुलूप लावलेल्या हलवायाच्या दुकानाला नाक लावून उभं राहणं.

आजारी नव्हता तो, थकलेला होता. आसपासचे माग एकेक करून बंद पडले, कोणी गिरणीत लागला, कोणी पानठेला टाकला. हा बसूनच राहिला. "काय चाललंय मार्तंडा?" विचारलं की "थकून राहिलो" एवढंच. जसं दुसरा कोणी "जेवून राहिलो" म्हणेल तसं.

फक्त एक इच्छा होती त्याला. एका दुपारी माग थांबवून, सुताचा धोटा हातातच धरून म्हणाला, "वामनराव, मले एकदा वरून पाहाचं हाय."

"काय पाहायचंय?"

"आपली गल्ली. आपलं घर. मी कसा दिसतो थे."

"मग विमानात बस. सोनेगावच्या विमानतळावरून रोज उडतं."

"त्यात बसून ढगं पाहू का? मले मी दिसन का त्यातून?"

मी चहा पिऊन निघून आलो. तो मात्र ते विसरला नाही.

ब्याऐंशीचं एशियाड होऊन गेल्यानंतरची गोष्ट. त्याची पोरगी प्रेमलता मस्कतला दिलेली. जावई विश्वनाथ सुटीवर आला, तेव्हा खेळण्यातल्या उडत्या विमानांच्या चित्रांचं एक पुस्तक घेऊन आला. हातातल्या डब्यावर काड्या हलवल्या की वर विमान वळतं, आणि पोटाला छोटा कॅमेरा बांधला की ते जे पाहतं ते आपल्यालाही दिसतं, असं काहीतरी तो सांगू लागला. मार्तंड खड्ड्यातून बाहेर आला. दिवसाउजेडी तो बाहेर आला याचीच गल्लीला बातमी झाली.

"मामाजी, पुढच्या दिवाळीले आनतो," विश्वनाथ सासऱ्याला म्हणाला. "कोनतं पायजे थे सांगा. पन एकच आनता येईन."

मग काय विचारता! ओट्यावर मंडळ भरलं. मी लाल रंगाच्या लढाऊ विमानावर बोट ठेवलं. काय त्याचं नाक, काय ऐट! मार्तंडाची बायको कौशल्या दारातून म्हणाली, "ज्याचं तोंड गरीब हाय थे घ्या जी. यायले थेच झेपन."

बोलावणं धाडलं होतं म्हणून जरीपटक्याहून ओमप्रकाशही आला होता. रेडिओ दुरुस्तीवाला. एनसीसीत असताना असली विमानं उडवलेली, त्यामुळे त्या दिवशी त्याची मान ताठ. "लाल वाला मत लो काका," तो म्हणाला. "तो तुमची एक गलती माफ नाही करणार. पहिलं विमान म्हशीसारखं पायजे. पंख जाड, आन् पाठीवर बसवलेला. हात सोडला तरी आपोआप सीधा होते. कॅमेऱ्याचा वजन पण तोच उचलेल."

पुस्तकात अशा दोन म्हशी निघाल्या. एक प्लास्टिकची, डब्यातून काढली की उडवावी अशी. दुसरी बारीक लाकडी काड्या जोडून, वर कापडाचं पातळ कातडं चढवून घरी बनवायची. ओमप्रकाशचं मत पहिलीकडे. मार्तंड दोन्ही चित्रांवरून किती तरी वेळ अंगठा फिरवत राहिला.

"हे तुटलं तं?"

"तुटलं तर गेलं."

"आन् हे?"

"काड्या चिकटवा, नवीन कापड चढवा, फिर उडाओ."

"मंग हेच. दुरुस्त करता येत नाई अशी वस्तू घरात नको बाप्पा. लय झाल्या."

"माह्याकडं पाहून काहून बोलून राहिले जी?" कौशल्या म्हणाली. विमान ठरलं ते असं.

दिवाळीला ते आलं. काड्या धड आल्या, इंजिन धड, पण वर चढवायचं ते चकचकीत कातडं प्रेमलताच्या कुकरखाली दबून फाटलं होतं. ओमप्रकाश म्हणाला, मुंबईहून मागवतो. मार्तंड एवढा ताठ उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"कापडासाठी मुंबई? माह्या घरात?"

त्याने धोतरापेक्षा विरळ, मलमलीहून हलकं असं कापड विणलं, पंखांवर ताणून बसवलं आणि त्याला तांदळाची खळ दिली. जशी मागावर चढवायच्या ताण्याला, उभ्या सुताला, देतात तशीच, कुंच्याने, गल्लीत उन्हात मांडून. अख्खी गल्ली पाहायला. वाळल्यावर ओमप्रकाशने बोटाने टिचकी मारली तर पंख टणटण वाजला. "ए वन, काका," तो म्हणाला. मार्तंडाच्या चेहऱ्यावर नवऱ्या मुलाच्या बापासारखी कळा.

गल्लीवर उडवणं शक्य नव्हतं. तारा आणि पतंग. म्हणून ठरलं की पहिलं उड्डाण कुहीला, कौशल्याच्या माहेरच्या शेतात. धान कापून झालेलं होतं. तिथे जमलं की मग गल्लीमागच्या मोकळ्या जागेवरून. कॅमेऱ्याचा रोल हाताने फिरवावा लागे, त्यामुळे एका उड्डाणात एकच फोटो. ओमप्रकाशने बजावलं, "डब्यावरच्या काड्या मी सांभाळतो, फोटोचं बटण कधी दाबायचं ते तुमी सांगा."

सकाळी वारा पडलेला असतो म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच जाऊन राहिलो. आणि तिथे मार्तंडाने ते केलं, जे कोष्ट्याशिवाय कोणी करणार नाही. विमान त्याने अंगणात खाटेवर ठेवलं. उघड्यावर, दवात, आणि तेही मुद्दाम. विणकराला दमट हवा म्हणजे देवाचा हात. सूत मऊ राहतं, तुटत नाही. कोरड्या हवेत तडतड तुटतं. "रातभर दव लागू द्या," म्हणाला, "मंग वर कितीबी वारं लागू दे, तुटनार नाई."

सकाळी ओमप्रकाशने टिचकी मारली. पंख वाजला, पण "ढप".

"काका, ये ढीला पड गया. खळ भिजली. धूप में सुकने दो."

"सुकलं सूत तुटते गा."

"ये सूत नाही, विमान आहे!"

"माहं सूतच हाय थे."

ऊन वर आलं की वारा सुटणार, आणि ओमप्रकाशला दुकान उघडायचं होतं. उडवलं.

उडालं हो! इंजिनातल्या एरंडेलाच्या वासाचा धूर सोडत, शेताच्या टोकावरून वर. मी टोपी काढून मान मागे टाकली. कौशल्या कपाळावर हात धरून उभी. मार्तंड बांधावर बसलेला, तोंड उघडं. एक वळण नीट झालं. दुसऱ्या वळणाला पंखावरचं कापड काड्यांमधून फुगायला लागलं, ओल्या चादरीसारखं फडफडायला लागलं.

"काका, जल्दी बोलो! गिरेगा!"

मार्तंड विमानामागे मान फिरवत होता.

"अरे बोल की!" मी ओरडलो.

"थांबा. डोक्यावर येऊ द्या." आणि मग अगदी हळू, "दाब."

त्यानंतर ते पडलं. आपटलंही नाही, दोरीवरून धोतर घसरावं तसं घसरत खाली आलं आणि धानाच्या खुंटांत मोडलं. कॅमेरा तेवढा वाचला.

फोटो धुऊन आला तो सीताबर्डीहून मीच आणला. लिफाफा मात्र उघडला नाही, यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास नाही. मार्तंडाने चष्मा लावला. जमीन कललेली, कोपऱ्यात आभाळ. डबा धरलेला ओमप्रकाश. कपाळावर हात ठेवलेली कौशल्या. त्यांच्या बाजूला एक पितळी थाळी चमकत होती.

"वामनराव, हे तुमी," कौशल्या म्हणाली. "टोपी काहून काढली जी?"

थाळीपलीकडे, बांधावर, चौथा एक जण. कमरेपासून वरचाच. खालचा भाग बांधालगतच्या पाटाच्या काळ्या चरात गेलेला. मार्तंड पाय सोडून बसला होता तिथे, रोज बसतो तसा.

त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"इथंबी खड्ड्यातच बसलो मी," तो म्हणाला.

माझ्या जिभेवर चांगले तीन-चार विनोद आले होते. सगळे गिळले.

"मंग उभं राहाचं होतं न! सारे उभे होते," कौशल्या म्हणाली.

"पाय दुखून राहिले होते वं."

ओमप्रकाश म्हणाला, काड्या चिकटवू, त्यासाठीच तर हे घेतलं होतं. मार्तंडाने मान हलवली. "नाई गा. पाहून झालं." सांगाडा मागाच्या वर आढ्याला टांगला गेला. कापड कौशल्याने खळ धुऊन काढून ताक गाळायला घेतलं. छान गाळतं म्हणते.

पुढे काही दिवसांनी मी गेलो, तर आतून आवाज आला नाही. पाहतो तर स्वारी बाहेर ओट्यावर, खुर्चीत, पाय वर घेऊन.

"माग बंद केलास काय?"

"नाई. दुपारून बसतो. सकाळचा इथंच बसून राहतो."

"काय दिसतं इथून?"

"तोंडं." त्याने गल्लीकडे पाहिलं. "लय थकलेली हायेत वामनराव. पाय बरे होते."

"मग आता तोंड दिसतं ना? आता तर नाव घेता येईल? सांग, त्या कोपऱ्यावरच्या घरी रोज—"

त्याचं लक्ष नव्हतं. तो माझ्याच तोंडाकडे पाहत होता.

"असा काय पाहतोस?"

"काई नाई. तुमी इतके म्हातारे हा, मले माहीत नोतं," मार्तंड म्हणाला. "पाय ओढता, तं मले वाटे नखरा हाय."