चौथ्या बरणीतलं पाणी

एका जागी बसणं मला जमत नाही. त्या आठवड्यात तर पायाला भिंगरीच लागली होती. सानगडीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. तालुक्याचं प्रदर्शन तीन दिवसांवर आलं होतं आणि आमच्या चार बरण्या प्रयोगशाळेच्या खिडकीत होत्या. तास संपला की मी धावत जाऊन बघून यायची.

प्रयोग दहावीतल्या एका मुलीचा. आमच्याकडे बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, डिझेल इंजिन लावतात. त्याचं तेल पाण्यावर पसरतं. ते घरच्या वस्तूंनी काढता येईल का, हा तिचा प्रश्न. तीन बरण्यांत पाणी आणि चमचाभर डिझेल. एकीत धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, बुडवून काढायचं, दुसरीत राईस मिलचा भुसा, तिसरी तशीच ठेवायची. चौथीत तुलनेसाठी नुसतं स्वच्छ पाणी. मग चारींत डासांच्या अळ्या सोडायच्या. वर तेल उरलं असेल तर त्यांना श्वास घेता येत नाही, त्या मरतात.

तिच्या बाबांनी बजावून ठेवलं होतं, "जिल्ह्याले, भंडाऱ्यापर्यंत नंबर लागला तं सायन्स घे, नाही तं आर्ट्सच बरं." पोरीला सायन्सच हवं होतं. तिच्यापेक्षा माझाच जीव जास्त वरखाली होत होता.

सकाळी बघते तर तणसाच्या बरणीत अळ्या मजेत वळवळत होत्या आणि चौथीत, स्वच्छ पाण्यात, सगळ्या मेलेल्या!

माझं डोकंच फिरलं. "डिझेलचा चमचा ह्यातही बुडवलास ना? किती वेळा सांगितलं तुला!"

"नाही जी मॅडम, आईची शप्पथ."

मी ऐकलं नाही. भरल्या वर्गासमोर तिला वाट्टेल ते बोलले. आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मधल्या सुट्टीत तिचे बाबा तणसाची पेंढी घेऊन आले. त्यांच्यापुढेही मी तेच गाऱ्हाणं मांडलं. ते बरणी निरखत म्हणाले, "पानी कोठचं हाय?"

"तुमच्याच शेतातलं, धानाच्या बांधीतलं. चारींत तेच आहे. मीच आणायला सांगितलं, नितळ असतं म्हणून."

त्यांनी मान खाजवली. "त्यात तं मी परवाच डिझेल टाकलो होतो जी. धानावर अळी आली ना. पान्यात थोडं तेल सोडतो अन् दोघं जन दोन्हीकडून दोर वढतो. अळी खाली पडते अन् मरते. सगळेच करतेत."

अगं बाई! मी इथेच वाढले. धानावरून दोर ओढताना जन्मभर पाहिलं, पण पाणी आणायला सांगताना ते डोक्यात आलं नाही. तणसाने आमचं तेल काढता काढता त्यांचंही काढलं होतं.

पोरीची माफी मागायची सोडून मी बादली उचलली. "ओत ती चौथी बरणी. हातपंपाचं पाणी भर. कुणाला कळतंय?"

तिने झाकणावर हात ठेवला. "मॅडम, हे फेकलं तं लोकाइले कसं समजन? बांधीतलं पानी बोडीतच तं जाते."

हातपंपाच्या पाण्याची पाचवी बरणी लावली. चौथी तशीच राहिली. माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली, भरल्या वर्गासमोरच.

प्रदर्शनात परीक्षकांनी नेमकी चौथीच उचलली. "तुलनेच्या बरणीतल्याच अळ्या मेल्या? प्रयोग फसला की हो!" पोर सांगायला लागली. तेवढ्यात मागून तिचे बाबा पुढे आले.

"साहेब, ते पानी माझ्या बांधीचं हाय. तेल मी टाकलो. पोरीनं खरं लिवलं."

नंबर लागला नाही. परतताना एस.टी.त ती खिडकीशी तोंड फिरवून बसली होती. मला सारखं उठून तिच्याकडे जावंसं वाटत होतं, पण जाऊन सांगणार काय? तेवढ्यात तिचे बाबा माझ्या सीटपाशी येऊन दांडा धरून उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "सायन्सचा फॉरम कवा भरा लागते?"