यांचा आवाज शहपुऱ्यात कसा पोचला?

इथले अनुभव मी रिकाम्या वेळी वाचते आणि बहुतेकदा हसते. जन्म जबलपूरचा, नोकरी रेल्वेच्या ऑफिसात, देवाला हात जोडते तेही सवयीने. भूत, भास, संकेत... असलं काही आमच्या घरात चाललं नाही. तरी आज लिहून राहिले, कारण आमच्या घरात बोलणारी आता मी एकटीच उरले आहे.

आम्ही दीक्षितपुऱ्यात राहतो. आमचे हे सरकारी नोकरीत होते, इन्स्ट्रुमेंटच्या कामाला. राजस्थानात अणुचाचणी झाली तेव्हा यांना तिकडे पाठवलं. मला सांगितलं, "ट्रेनिंग आहे." खरं काय ते कित्येक वर्षांनी कळलं. स्फोट जमिनीखाली झाला होता, पण मोजणीची यंत्रं आणि केबल तिथेच आसपास पडून. ती काढून आणायची होती. आधी एक माणूस किरणोत्सर्ग मोजायचा मीटर घेऊन पुढे जायचा, जागा सुरक्षित आहे का ते बघायचा. बाकीचे मागे उभे. तो पुढचा माणूस म्हणजे हे! मीटरचा काटा चढला की हात आडवा करून ओरडायचे — "रुको! अभी नहीं!"

"घाई करायची नाही," मला नंतर सांगायचे. "मशीन उद्याही निघते."

रिटायर झाल्यावर यांना घशाचा कॅन्सर निघाला. सुपारीचं खांड कधी तोंडात टाकलं नाही या माणसाने. त्या कामामुळे झालं का, असं डॉक्टरांना विचारलं. "कह नहीं सकते, दीदी." स्वरयंत्र काढून टाकलं. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. आवाज अजिबात नाही. यांच्या मागे उभे असायचे ते सगळे धडधाकट आहेत. चांगलंच आहे. दिवाळीला एकाचाही फोन येत नाही.

यांचा धाकटा भाऊ सुधाकर इथून तासाभराच्या वाटेवर, शहपुऱ्याजवळ मटारची शेती करतो. वाळवंटातलं ते काम कळल्यापासून त्याने आमच्याकडचं पाणी तोंडाला लावलं नाही. पोरांनाही पाठवायचा नाही. "बॉम्बची बिमारी आहे वहिनी, समजून घ्या." ऑपरेशननंतर आला, तो दारातच नाकाला रुमाल लावून उभा राहिला.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ, आम्ही दोघं पुढच्या खोलीत मटार सोलत होतो — विकत आणलेले. सुधाकरने कधी पाठवले नाहीत. अचानक हे ताडकन उठले. परात उलटली, दाणे खोलीभर. डावा हात आडवा, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि तोंडाने ओरडल्यासारखं करत होते. गळ्यातून नुसती हवा...

"काय होऊन राहिलं तुम्हाला? काहून असे करता?"

पण यांचे ओठ मला वाचता येतात. रुको. अभी नहीं. पुन्हा तेच. मग खाली बसले, घामाने चिंब, आणि रडू लागले.

दुपारी जाऊबाईचा फोन आला. त्यांच्या विहिरीत मोटर अडकली होती, ती काढायला सकाळी उतरलेला मेकॅनिक बबलू आत विषारी गॅसने गेला. सुधाकर वाचला होता.

दोन-चार दिवसांनी सुधाकर आमच्याकडे आला. पहिल्यांदा आत येऊन बसला. चेहरा काळवंडलेला.

"वहिनी, शिडीवर आधी मीच पाय ठेवला होता. मागून दादा ओरडला. रुको, अभी नहीं! त्याचा जुना आवाज... खणखणीत. मी वळून पाहिलं तर कोणी नाही."

मी विचारलं, "मग?"

"मी बाजूला झालो. बबलू म्हणाला, हटो भैया, मैं देखता हूँ."

"आणि तुम्ही त्याला जाऊ दिलं?"

"काय सांगू त्याला? मेलेला... म्हणजे, मुका माणूस ओरडला म्हणून? हसला असता तो." तो मान खाली घालून बसला. "अर्ध्यावर गेला अन् पडला."

हे शेजारीच बसून सगळं ऐकत होते. भाऊ वाचला याचा आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि सुधाकर जाईपर्यंत वळवलं नाही. मी चहा ठेवला होता. त्याने तो घेतला नाही.

मी यांना नंतर विचारलं, तुम्हाला विहीर दिसली का? कसं कळलं? हे फक्त मान हलवतात — माहीत नाही. भास म्हणावं तर दोन ठिकाणी, एकाच सकाळी? डॉक्टरांना सांगितलं, ते हसले. मला स्वतःला काही उलगडा होत नाही, आणि कोणी समजावून सांगेल अशी आशाही नाही.

बबलूची बायको आता शहपुऱ्याच्या बाजारात भाजी विकते. तिच्यासमोरून जायची माझी हिंमत होत नाही. यांचा आवाज एवढ्या लांब पोचला, तर त्या विहिरीच्या काठावर जो दुसरा माणूस उभा होता, त्याला तो काहून ऐकू आला नाही?