फिकट रंगातलं गाव
नकाशे छापायच्या प्लॉटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की नाशिकच्या ऑफिसातली उन्हाळ्यातली ती दुपार आठवते. जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी किती खोल गेलंय, त्याचा नकाशा आम्ही छापला होता; पाणी जितकं खोल, तितका रंग गडद. नकाशा आला की जो तो आधी आपलं गाव शोधतो. माझी नांदगावकडची मैत्रीण हरखलीच, "अगं, आमचं गाव फिकट आलंय! पाणी वर आलं का काय?" आईला सांगायला तिने मोबाइलही काढला. मी कडेची रंगसूची पाहिली. सगळ्यात फिकट रंग शंभर फुटांना, मग वीस, सगळ्यात गडद पाचला. कुणीतरी माहितीच्या तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे 'फूट' टाइप केलं होतं, म्हणून कॉम्प्युटरने आकड्यांना शब्द समजून नुसत्या पहिल्या अंकावरून क्रम लावला होता. मी 'फूट' काढलं, रकाना आकड्यांचा केला, आणि तिचं गाव काळपट तपकिरी झालं. "मघाचाच बरा होता गं," ती म्हणाली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. हल्ली मी क्रम छापण्याआधीच तपासते. कुणाचंच गाव आता क्षणभरसुद्धा चुकून फिकट दिसत नाही.