सासवडचा रूट

मी गुंजवणं सोडलं तेव्हा एसटीच्या खिडकीखाली उभं राहून आबांनी बजावलं, "वरीसभर बघ. पक्की नोकरी लागली तर ऱ्हा तिकडं, न्हाईतर परत ये. पाव्हणं बघू." आई रडत होती आणि रडता रडता खिडकीतून डबे आत ढकलत होती. त्यातली चटणी शेजारच्या बाईंच्या मांडीवर सांडली, आणि पार नसरापूर येईपर्यंत मी त्यांचं लुगडं पुसत होते. तिकडे गेलेल्यांनो आणि इकडे राहिलेल्यांनो, माझं गाव सुटलं ते असं.

पुण्यात मी लिनक्स शिकायला गेले. कॉम्प्युटर चालवणारी ही यंत्रणा फुकट मिळते, सगळ्यांना खुली असते आणि नवख्याला अजिबात जुमानत नाही. ती सांभाळायचं काम मला शिकायचं होतं. समोर नुसता काळा पडदा. पहिल्या दिवशी पासवर्ड टाकायला लागले तर अक्षरच उमटेना. बटणं बडवली, कीबोर्ड उलटा करून झटकला, शेवटी म्हटलं, "सर, ह्यो मेलाय." सर म्हणाले, इथं पासवर्ड दिसत नसतोच. अख्खा वर्ग पोट धरून हसला. पुढं काहीही करायला जावं तर पडद्यावर एकच उत्तर यायचं, परवानगी नाही. बाई गं, आमच्या आईनंसुद्धा मला इतक्यांदा नाही म्हटलं नव्हतं!

सगळ्या परवानग्या ज्या खात्याकडे असतात त्याला रूट म्हणतात. नवख्याच्या हातात तो देत नाहीत, कारण एका चुकीच्या ओळीनं होतं नव्हतं ते पुसून जातं. पुढं एका कंपनीत उमेदवारीवर लागले. तिथल्या सर्व्हरचा, म्हणजे कंपनीचं सगळं काम साठवणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरांचा, रूट मिळाला की नोकरी पक्की. वर्ष सरत आलं तशी मी दिवस मोजायला लागले. डोळ्यांपुढे नुसते पाव्हणे. मग एका दुपारी साहेबांनी बोलावून रूट दिला. मी धावत जिन्यात गेले आणि घरी फोन लावला. "आबा, मला रूट मिळाला! सगळ्या सर्व्हरचा!"

आता आमच्या गावात मोबाईलला रेंज असणं म्हणजे देवाची मर्जी. आबांना 'सर्व्हरचा' ऐकू आलं 'सासवडचा'. आणि रूट म्हटल्यावर आमच्या खोऱ्यात एसटीशिवाय दुसरं काय असणार? आईनं घरोघर साखर वाटली, पोरगी एसटीत लागली म्हणून.

मला यातलं काही ठाऊक नाही. सुट्टीला गावी उतरले तर वाडीवरच्या शांताकाकूंनी थांब्यावरच गाठलं. "आगं, आमच्या वाडीला मुक्कामी गाडी सोड की! एवढी कंडक्टर झालीस ती काय कामाची?" घरी पोचले तर किकवीचे पाव्हणे पोहे खात बसलेले. सरकारी नोकरीवाली सून मिळते म्हटल्यावर दम कुठला निघतोय! मुलाचे वडील म्हणाले, "आमाला बी पास मिळंल न्हवं?" माझं डोकंच सरकलं. म्हटलं, "मी कंडक्टर नाही. कॉम्प्युटर सांभाळते." पोहे अर्धे टाकून मंडळी उठली.

आईनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, सुटलं पुणं. आता नोकरी पक्की झालीय हे यांना कसं पटायचं? रूट म्हणजे काय ते मी रडतच सांगायला लागले. कंपनीच्या कॉम्प्युटरात काहीही करायला मला आता कुणाला विचारावं लागत नाही, आबा, एवढा भरवसा टाकलाय साहेबांनी माझ्यावर.

"आन तू चुकलीस तर?"

"सगळं पुसून जाईल."

"तरीबी दिला?"

"हो."

आबांनी पाव्हण्यांच्या बशा गोळा करून बाजूला सारल्या. मग म्हणाले, "ती परकी मान्सं. म्या तर बाप हाय. वरीसबिरीस काय न्हाई आता. तुला वाटंल तवर ऱ्हा तिकडं."

मला इतकं रडू आलं की आईच घाबरली.

लोक विचारतात, घर कुठं? पुण्यात माझी खोली आहे, गॅस आहे, भाडं मीच भरते. तरी तोंडातून गुंजवणंच येतं. आधी गावी यायची धास्ती वाटायची, की पुन्हा पाठवतील का नाही. आता मनात आलं की येते, आणि निघताना पाय निघत नाही. आबाच म्हणतात, "जा आता, गाडी लागलीया."